कन्फ्यूशिअसच्या नावावर खपवलेले घर

कोरिया, चीन, व्हिएतनाम, जपान इथल्या लेखिकांच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक पक्ष म्हणतो, कन्फ्यूशिअसची संस्कृतीच मुळात स्त्रीविरोधी. अडीच हजार वर्षे बाई दबून होती, आता कुठे तिला वाचा फुटली. दुसरा म्हणतो, हे पाश्चात्त्य स्त्रीवादाचे कलम आहे, चांगली नांदती घरे मोडायला निघालेले. २०२४ चे साहित्याचे नोबेल कोरियन लेखिका हान कांग यांना मिळाल्यापासून आपल्याकडेही हे दोन्ही सूर ऐकू येतात. भांडण कडाक्याचे असले तरी एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. सुनेने सणाला सासरी राबावे, मुलाला बापाचेच आडनाव लागावे, पितरांचे विधी मुलानेच करावेत, ही तिथली अनादी परंपरा, असे दोघेही धरून चालतात. माझा आक्षेप या एकमतावर आहे. या परंपरेला साल आहे, तिचे दस्तऐवज आहेत, ती कधी आणि कशी घरात शिरली ते दाखवता येते. तिथल्या स्त्रीवादी कथासाहित्याचे मोल मला यात वाटते, की ते ‘संस्कृती’ नावाच्या धुक्याशी भांडत बसत नाही. ते थेट नोंदवहीपर्यंत, आडनावापर्यंत आणि चुलीपर्यंत जाते.

सर्वांत गाजलेले प्रकरण घेऊ. चो नाम-जू यांची ‘१९८२ साली जन्मलेली किम जी-यंग’ ही छोटेखानी कोरियन कादंबरी ऑक्टोबर २०१६ मध्ये आली आणि साधारण दोन वर्षांत तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. कथानक म्हणावे तर फारसे नाही. मध्यमवर्गीय मुलगी शिकते, नोकरी धरते, लग्न करते, मूल झाल्यावर नोकरी सोडते, आणि एके दिवशी दुसऱ्या बायकांच्या आवाजात बोलू लागते. चुसॉकच्या सणाला, सासरी, सगळ्यांदेखत ती आपल्या आईच्या तोंडची भाषा बोलते: तुमची लेक सणाला माहेरी आली, तर आमची लेकही आमच्याकडे पाठवायला हवी ना? मराठी वाचकाला यात ‘अंगात येणे’ दिसेल, आणि तसे दिसले तर चुकीचे नाही. सुनेने स्वतःच्या तोंडाने म्हटले तर जो उर्मटपणा ठरेल, तो विहीणबाईंच्या आवाजात रास्त हक्क ठरतो. व्याह्यांच्या नात्यात बरोबरी असते, सुनेच्या नात्यात नसते. एवढ्या एका प्रसंगात लेखिकेने सासर-माहेराचा सगळा हिशोब उघडा केला आहे.

पण गदारोळ झाला तो भलत्याच गोष्टीवर. २०१७ मध्ये एका खासदाराने हे पुस्तक राष्ट्राध्यक्षांना भेट दिले. २०१८ मध्ये एका लोकप्रिय गायिकेने आपण ते वाचल्याचे नुसते सांगितले, तर काही चाहत्यांनी तिचे फोटो जाळले. २०१९ मध्ये आलेल्या चित्रपटात नायिकेची भूमिका स्वीकारणाऱ्या अभिनेत्रीवर झोड उठली. पुस्तकात काय आहे यापेक्षा पुस्तक हातात धरणारी कोणत्या गोटातली, यावर चर्चा खिळली. आपल्याला हे अपरिचित नाही. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या कोंडमाऱ्यापेक्षा लेखिका कोण, याचा शोध महाराष्ट्राने जास्त घेतला. मजकुराला उत्तर नसले की माणसाचा पत्ता विचारला जातो.

या कादंबरीवरचा वाङ्मयीन आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो टाळू नये. नायिकेला स्वभाव नाही, भाषा अहवालाची आहे, मध्येच तळटीपा आणि आकडेवारी येते. ही कादंबरी की सरकारी पाहणी? खरे आहे. किम जी-यंगला ना खास आवड, ना खास दोष. तिचे नावसुद्धा त्या पिढीतल्या मुलींत अतिशय सामान्य. पण ही सगळी हकीकत सांगतो कोण? शेवटी कळते की आपण वाचत होतो ती तिच्या मनोविकारतज्ज्ञाची टिपणे आहेत. तो पुरुष आहे, समंजस आहे, आपल्या हुशार बायकोनेही करिअर सोडल्याची त्याला जाणीव आहे. आणि त्याच्या दवाखान्यातली कर्मचारी गरोदरपणामुळे नोकरी सोडते, तेव्हा तो मनाशी ठरवतो, पुढच्या खेपेला बिनलग्नाची बघायची. नायिकेचा सपाटपणा हा त्या केसपेपरचा सपाटपणा आहे. आता याच्या शेजारी कोरियन घराण्यांची रूढ वंशावळ, म्हणजे ‘जोकबो’, ठेवून पाहा. त्यात बायकोच्या जागी तिच्या बापाचे आडनाव आणि मूळगाव असते, तिचे स्वतःचे नाव नसते. मुलीच्या जागी जावयाचे नाव असते. जिथे बाईची नोंदच अशी होत आली, तिथे एका बाईचे नाव शीर्षकात, जन्मसालासकट लिहिणे ही नोंदवहीच्या भाषेत नोंदवहीला दिलेली झुंज आहे. अलंकारिक गद्याने हे साधले नसते.

आता मूळ मुद्दा: ही वंशावळ नेहमीच अशी होती का? कोरियात टिकून राहिलेली सर्वांत जुनी छापील वंशावळ आन्दोंगच्या क्वॉन घराण्याची, १४७६ सालची. तिच्यात भावंडे जन्मक्रमाने लिहिली आहेत, मुलगे आधी आणि मुली नंतर असे नाही. मुलींच्या वंशजांचीही पिढ्यान्‌पिढ्या नोंद आहे. बाईने दुसरे लग्न केले असेल तर दुसऱ्या नवऱ्याचीही नोंद आहे. १४८५ च्या सुमारास लागू झालेल्या, जोसॉन या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या कायदेसंहितेत मुलगा आणि मुलगी यांना वारशात सारखा वाटा होता. नवरा लग्नानंतर बरीच वर्षे बायकोच्या माहेरी राहात असे. कोरियाच्या पाच हजार वॉनच्या नोटेवर ज्या तत्त्वज्ञाचे चित्र आहे, तो यी ई, म्हणजे युलगोक, १५३६ मध्ये जन्मला तो गांगनुंग गावी, आईच्या माहेरच्या घरात. त्याची आई शिन साइमदांग चित्रकार होती. २००९ पासून पन्नास हजारांच्या नोटेवर ती आहे. त्यांच्या घरचे १५६६ चे वाटणीपत्र आजही जपलेले आहे. आईबाप गेल्यावर सात भावंडांनी, त्यांत तीन बहिणी, आधी पितृविधींसाठी मिळकत बाजूला काढली आणि उरलेली जमीन आणि गुलाम सारखे वाटून घेतले. (होय, गुलाम. ही समता जमीनदार घरांपुरतीच होती, आणि तिचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये.) त्या काळी अनेक घरांत विधीही भावंडे आळीपाळीने करत, मुलींच्या घरीसुद्धा.

मग बिघडले कुठे? बुआन इथल्या किम घराण्याचे १६६९ चे वाटणीपत्र वाचले की बिघाड होतानाच दिसतो. बाप लिहितो की मायेच्या दृष्टीने मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. पण लग्नानंतर मुलगी परक्या घरची होते, जिवंतपणी आईबापांची सेवा तिच्याकडून होत नाही, मेल्यावर विधीही होत नाहीत, तेव्हा तिला सारखी मिळकत कशी द्यायची? म्हणून यापुढे जावई आणि मुलीची मुले यांच्याकडे विधींची पाळी नको, आणि मुलीला एक तृतीयांश वाटा पुरे. या कागदाइतका बोलका पुरावा क्वचित सापडतो. ज्या माणसाला आपण परंपरेचा वाहक समजतो, तो नवी रीत घालताना कारणे देतो आहे. चालत आलेली रीत असती तर कारणे द्यावी लागली असती का? युद्धांनी उद्ध्वस्त झालेला, दर पिढीला तुकडे होऊन आकसत चाललेला जमीनजुमला एका हाती ठेवायची निकड होती, आणि बाराव्या शतकातल्या चिनी पंडित झू शी याच्या नावावरचा गृहविधींचा ग्रंथ त्यासाठी हाताशी होता.

दोनशे वर्षांच्या अंतराने असलेले हे कागद कुणी नाकारत नाही, पण त्यावर एक चांगला प्रतिवाद होतो. १६६९ पासून मोजले तरी साडेतीनशे वर्षे झाली. एवढ्या काळात जे मुरले ती परंपरा नव्हे तर काय? हा युक्तिवाद मला अर्धा मान्य आहे. सतराव्या शतकात आले ते पुढे खरोखर मुरले. पण विसाव्या शतकात ज्याला परंपरा म्हणून कायद्याचे कवच मिळाले, ते त्याहून वेगळे आणि फार ताजे होते. जपानच्या १८९८ च्या दिवाणी संहितेने प्रत्येक कुटुंबाला एक कुटुंबप्रमुख दिला आणि बाकीच्यांना त्याच्या नोंदीखाली लिहिले. कोरिया गिळल्यावर जपानी राजवटीने ही पद्धत तिथे लादली. कोरियन भाषेत तिचे नाव ‘होजू’. जपानने स्वतः दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये ती रद्द केली. स्वतंत्र दक्षिण कोरियाने मात्र आपलीच म्हणून जपली. प्रमुख वारला की मान आधी मुलाला, मग बिनलग्नाच्या मुलीला, मग बायकोला, मग आईला. म्हणजे तीन वर्षांचा नातू आजीचा आणि आईचा कायदेशीर प्रमुख होई. घटस्फोटित बाईने मूल एकटीने वाढवले तरी ते बापाच्या नोंदीत राही, आणि कागदावर आई म्हणजे त्याच्या सोबत राहणारी व्यक्ती. कोरियातल्या पहिल्या महिला वकील ली ते-यंग यांनी १९५० च्या दशकापासून याविरुद्ध लढा दिला. ३ फेब्रुवारी २००५ ला घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली. तोवर कन्फ्यूशिअन पंडितांच्या संघटना तिच्या बचावासाठी उभ्या होत्या, आणि बचाव करत होत्या तो परक्या राजवटीने आणलेल्या नोंदवहीचा.

त्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुली आपल्या कुळाच्या संस्थेच्या सभासद आहेत असा निकाल दिला. कुळाच्या जमिनी विकून आलेल्या पैशांत मुलींना डावलले गेले होते, त्यातून हा खटला उभा राहिला. आणि ९ सप्टेंबर २००५ पासून भारतात हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतली हिस्सेदार, झाली. महाराष्ट्राने ते १९९४ मध्येच केले होते. सगोत्राचेही तसेच. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावाच्या स्त्रीपुरुषांना कोरियात लग्न करता येत नसे, आणि गिमहेचे किम एकटेच चाळीस लाखांवर आहेत. तो प्रतिबंध न्यायालयाने १९९७ मध्ये निकामी केला. आपल्याकडे सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ च्या कायद्याने दूर झाली. आपल्याकडे हे घडले ते कन्फ्यूशिअसच्या सावलीविना. मग त्यांच्याकडच्या प्रत्येक गाठीचे मूळ त्या एका चिनी गुरूत शोधण्यात अर्थ तो काय?

व्हिएतनाम घ्या. तोच गुरू, तेच ग्रंथ, सरकारी नोकरीच्या परीक्षाही त्याच ग्रंथांवर. तरी पंधराव्या शतकातल्या ले राजवटीच्या संहितेत मुलगा नसेल तर पितरांच्या धूपदीपासाठी राखलेली जमीन थोरल्या मुलीकडे जाई. उलट विसाव्या शतकात, कन्फ्यूशिअसला अधिकृतपणे हद्दपार केलेल्या साम्यवादी उत्तरेत काय चालले होते ते झुओंग थु हुओंग यांच्या १९८८ च्या कादंबरीत दिसते. पक्षाचा कार्यकर्ता असलेला भाऊ बहिणीच्या फेरीच्या धंद्याला शोषण म्हणतो. आणि ती बहीण त्याच्या मुलांच्या, म्हणजे आपल्या माहेरच्या वंशाच्या, तोंडी घालायला स्वतःच्या मुलीच्या ताटातले काढते. घराची रीत राजवटीच्या घोषणेने जात नाही. चिनी कम्युनिस्टांच्या यान-आन या तळावर १९४२ मध्ये लेखिका डिंग लिंग यांनी हेच लिहिले, की क्रांतीच्या राजधानीतही बाईने लग्न केले तरी नावे ठेवतात आणि नाही केले तरी ठेवतात. त्याबद्दल पक्षात त्यांच्यावर टीका झाली. तेव्हा गुन्हेगार ‘कन्फ्यूशिअस’ म्हणून एकदा निकाल लावला की हे सगळे बारकावे वाया जातात.

‘सुज्ञ माता, आदर्श पत्नी’ हे ब्रीदही घ्या. ऐकताना हजार वर्षांपूर्वीचे वाटते. प्रत्यक्षात ते घडले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेजी जपानमध्ये, मुलींच्या शाळांसाठी, आणि त्यात युरोपातल्या गृहिणीच्या आदर्शाचा मोठा वाटा होता. तिथून ते चीन-कोरियात गेले, आणि मग माहेरी राहून चित्रे काढणाऱ्या शिन साइमदांगच्या गळ्यात ते अडकवले गेले.

आता सणाच्या स्वयंपाकाकडे येऊ, कारण किम जी-यंगचा बांध फुटतो तो तिथेच. वर्षातून दोनदा, चुसॉक आणि चांद्र नववर्षाला, पितरांचे पान मांडतात. शिवाय प्रत्येक पूर्वजाची तिथी वेगळी. पाच ओळी: पितरांच्या नावाच्या पाटीजवळ भात किंवा सणाची तांदळाची पक्वान्ने, मग भाजलेले आणि तव्यावरचे पदार्थ, मग रस्से, मग भाज्या आणि सुकी मासळी, शेवटी फळे. लाल फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. मासळी पूर्वेला, मांस पश्चिमेला. पीच चालत नाही, लसूण आणि लाल तिखट चालत नाही. यातले सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे ‘जॉन’, आपल्याकडच्या कापांचे चुलतभावंड. गोठवलेल्या पोलॉक माशाच्या चकत्या आधी पूर्ण वितळवायच्या आणि फडक्यात दाबून पाणी काढायचे. हे नीट झाले नाही तर पिठाचा चिखल होतो आणि अंड्याचा थर तव्यावर सुटून येतो. मग मीठ-मिरी, पिठाचा हात, जादाचे पीठ झटकायचे, फेटलेल्या अंड्यात बुडवायचे, आणि मंद आचेवर, बेताच्या तेलात, एकदाच उलटायचे. आच वाढली की पिवळा रंग जाऊन तपकिरी डाग पडतात, तेल जास्त झाले की अंडे फसफसते. झालेल्या चकत्या एकावर एक रचायच्या नाहीत, वाफेने मऊ पडतात. वेताच्या परडीत सुट्या पसरायच्या. मग खिम्याच्या चपट्या टिकिया, मग काड्यांना टोचलेले कांद्याच्या पातीचे आणि मांसाचे तुकडे. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून, विजेच्या तव्यासमोर मांडी घालून तासन्‌तास. केसांना तेलाचा वास, गुडघे आखडलेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पितरांना नमस्कार करायला उभे राहतात घरातले पुरुष. रांधणारी सून बहुतेक घरांत स्वयंपाकघरातच. ज्यांच्या पितरांसाठी हे चालले आहे त्यांचे आडनाव तिला नाही. सणानंतरच्या या अंगदुखीला आणि उदासीला कोरियन भाषेत ‘सणाचे दुखणे’ असा रूढ शब्द आहे.

हे तरी ग्रंथात आहे ना? सप्टेंबर २०२२ मध्ये सोलच्या सुंगग्युनग्वान या कन्फ्यूशिअन परंपरेच्या सर्वोच्च पीठाने चुसॉकच्या पानाचा नमुना जाहीर केला. तांदळाची पक्वान्ने, भाजी, भाजलेला एखादा पदार्थ, किमची, फळे, मद्य. फार तर नऊ पदार्थ पुरेत. तळलेले-परतलेले ठेवण्याची गरज नाही, उलट तेलकट नैवेद्य विधीला धरून नाही असे सतराव्या शतकाच्या आरंभीचे विधिशास्त्रज्ञ किम जांग-सेंग यांनीच लिहून ठेवले आहे. आणि लाल पूर्वेला, पांढरे पश्चिमेला हा नियम कोणत्याही विधिग्रंथात नाही. किती पिढ्यांचे करायचे, हेही असेच. १४८५ च्या संहितेत सहाव्या श्रेणीपासून वरच्या अधिकाऱ्यांनी तीन पिढ्यांचे, खालच्यांनी दोन पिढ्यांचे आणि सामान्य माणसाने फक्त आईबापांचे करावे असे होते. पुढे प्रत्येक घर चार पिढ्यांचे करू लागले, कारण चार पिढ्या ही खानदानीपणाची खूण झाली. प्रतिष्ठा घराण्याची वाढली, तास वाढले सुनेचे. ज्या कापांसाठी लाखो बायकांची मनगटे भरून आली, त्यांची पितरांना गरजच नव्हती, हे धर्मपीठाने सांगेपर्यंत २०२२ उजाडले. कादंबरी सहा वर्षे आधी आली होती.

इथे विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा येतो. पुरुषांनाही कमी भोगावे लागत नाही. प्रत्येक धडधाकट कोरियन तरुणाला दीड वर्ष किंवा थोडे अधिक सक्तीची लष्करी सेवा आहे, बायकांना नाही. सेवा केलेल्यांना सरकारी भरतीत मिळणारे जादा गुण न्यायालयाने १९९९ मध्ये घटनाबाह्य ठरवले. लग्नात घराची सोय वरपक्षाने करायची ही अपेक्षा आहे, आणि सोलमधली घरे सामान्य पगाराच्या आवाक्याबाहेर आहेत. हा राग खरा आहे, त्याची टर उडवू नये. पण ही सेवा राज्य घेते, बायको घेत नाही. आणि घर पुरुषाने द्यायचे ही अपेक्षा कुठून आली? घर त्याच्या वंशाचे, म्हणून. १६६९ च्या त्या कागदाने मुलीचा वाटा काढून मुलाच्या ओंजळीत टाकला, तेव्हाच त्याच्या खांद्यावर जबाबदारीही टाकली. मिळकत गेली, जबाबदारी राहिली. त्या तरुणाचे भांडण खरे तर त्याच नोंदवहीशी आहे, जिच्याशी किम जी-यंगचे आहे.

वर्गाचा मुद्दा मात्र मी बराचसा मान्य करते. पदवी, नवऱ्याचा पगार, फ्लॅट असलेल्या बाईचे दुःख गाजते. कारखान्यातली, घरकामाला जाणारी, लग्न करून व्हिएतनामहून कोरियन खेड्यात आणलेली सून गाजत नाही. हे खरेच उणे आहे. तरीही त्याच कादंबरीत नायिकेची आई विसरून चालणार नाही: भावांच्या शिक्षणासाठी तिने तरुणपणी सोलच्या कापड कारखान्यात हाडे झिजवली, भाऊ शिकून मोठे झाले आणि तिचे शिकायचे राहून गेले. कारखान्यातल्या बाईची कथा कोरियन लेखिकांनी कधी लिहिलीच नाही असेही नाही. कांग ग्योंग-ए यांची इंचॉनच्या गिरणी-कामगारणींपर्यंत जाणारी कादंबरी १९३४ मध्ये दैनिकातून क्रमशः येत होती. ती परदेशात कमी वाचली जाते, हा दोष वाचणाऱ्यांचा.

‘पाश्चात्त्य कलम’ या आरोपाला फार वेळ द्यावा असे नाही. पाश्चात्त्य स्त्रीवादाचे नावही नव्हते तेव्हा, अठराव्या शतकात, इम युनजीदांग या विधवेने कन्फ्यूशिअन तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतच मांडले की स्वर्गाने दिलेल्या मूळ स्वभावात स्त्री-पुरुष असा भेद नाही. तिचे लेखन तिच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये छापले गेले. ना हे-सॉक यांच्या १९१८ च्या ‘ग्योंगही’ या कथेची नायिका जपानमध्ये शिक्षण घेणारी आहे. ती घरकाम झपाट्याने आणि व्यवस्थित करून दाखवते, शिकलेली मुलगी वाया जाते म्हणणाऱ्यांची तोंडे बंद करते, आणि श्रीमंत घरचे सांगून आलेले स्थळ नाकारते. १९३४ मध्ये स्वतःच्या घटस्फोटावर जाहीरपणे लिहिल्यानंतर समाजाने याच लेखिकेला वाळीत टाकले. १९४८ मध्ये त्या एका रुग्णालयात बेवारस म्हणून वारल्या. पश्चिमेकडून आलेल्या नोराचे, म्हणजे इब्सेनच्या नाटकातल्या घर सोडून जाणाऱ्या नायिकेचे, पुढे काय होते, हा प्रश्नही पूर्वेनेच जास्त रोखठोक विचारला. १९२३ मध्ये बीजिंगच्या मुलींच्या महाविद्यालयात चिनी लेखक लू शुन यांनी विचारले, घर सोडून गेल्यावर तिच्या पर्समध्ये पैसे नसतील तर ती जाणार कुठे?

हान कांग यांची ‘शाकाहारी’ ही कादंबरी आपल्याकडे वाचताना एक घोटाळा होतो, तोही सांगायला हवा. मराठी घरात बाईने मांस सोडले तर कुणी भांडत नाही, उलट तिला सोवळी, सात्त्विक म्हणतील; उपवासाच्या नावाखाली जेवण नाकारायची सोयही तिला आहे. कोरियन घरात ती सोय नाही. मेज सगळ्यांचे एक, मधल्या वाट्या सामाईक. तिथे ‘मी हे खात नाही’ म्हणणे म्हणजे पंगतीतून उठणे. म्हणून बाप थोबाडीत मारून मुलीच्या तोंडात मांसाचा तुकडा कोंबतो, आणि नवऱ्याला काळजी वाटते ती साहेबांच्या मेजवानीत काय दिसेल याची. तीन भागांत नवरा, मेहुणा आणि बहीण यांच्या बाजूने गोष्ट सांगितली आहे; तिची स्वतःची बाजू स्वप्नांच्या तुटक ओळींपुरती. इथेही केसपेपर दुसऱ्यांच्याच हातात.

एक गोष्ट मात्र ‘अनादी’वाल्यांना विचारावीशी वाटते. १९९० मध्ये कोरियात शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले. तिसऱ्या आणि त्यापुढच्या अपत्यांत हे प्रमाण १९० च्या वर होते. जी-यंगची न जन्मलेली धाकटी बहीण याच हिशोबातली. २००७ च्या सुमारास प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. शहरीकरण, बायकांची कमाई, लहान कुटुंब, उतरती कळा लागलेली होजू पद्धत अशी कारणे अनेक आहेत आणि कोणते किती, यावर वाद आहे. पण अडीच हजार वर्षांची वृत्ती सतरा वर्षांत कशी वितळते? आणि मुलगा हवाच हा हट्ट गेल्यावरही २०२३ मध्ये तिथला जननदर बाईमागे ०.७२ मुलांवर का येतो? मुलगी नको असे आता कुणी म्हणत नाही. आई होऊन सून व्हायला मुली तयार नाहीत.

कागद बदलले तरी मने बदलत नाहीत, हे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि आडनावाचे उदाहरण त्याला पुष्टीच देते. कोरियन बाईचे आडनाव लग्नात बदलत नाही. आपल्याकडे तांदळात अंगठीने नवे नाव लिहितात, जपानात दिवाणी संहितेच्या ७५० व्या कलमाने दोघांना एकच आडनाव घ्यावे लागते आणि ते जवळपास नेहमी नवऱ्याचे असते. त्या तुलनेत कोरियन बाई मोकळी वाटते. पण तिचे आडनाव राहते ते ती नवऱ्याच्या वंशात कधी मोजलीच जात नाही म्हणून. तिच्या आईलाही तिची मुले ‘बाहेरची आजी’च म्हणतात, शब्दच तसा आहे. होजू गेल्यानंतरच्या कायद्यात मुलाला आईचे आडनाव देता येते, पण एका अटीवर: नवराबायकोने तसे लग्न नोंदवतानाच ठरवायचे आणि वेगळे संमतिपत्र जोडायचे. मूल जन्मल्यावर विचार बदलला तर कोर्टाची पायरी. म्हणजे जिथे अजून मूलही नाही आणि सासरशी पहिलाच गोड संबंध जुळतो आहे, त्या दिवशी नव्या नवरीने हा विषय काढायचा. किम जी-यंग आणि तिचा नवरा अर्ज भरतात तेव्हा हा प्रश्न समोर येतो. नवरा चांगला आहे, तो तिचे मत विचारतो. थोडी चर्चा होते, लोकांना सारखे स्पष्टीकरण देत बसावे लागेल असे निघते, आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण होते. तिला आतून काहीतरी रिकामे झाल्यासारखे वाटते. मग दोघे अर्जाच्या पुढच्या रकान्याकडे वळतात.